हाताला गंज

कुणाच्या हाताला चव असते,
कुणाच्या हाताला गुण.
आम्हा डार्डारांच्या हाताला गंज आहे.
बापाने पाना उचलला की तिसऱ्या दिवशी
त्यावर चार बोटं उमटायची, तांबूस,
चोर सही करून गेल्यासारखी.
आई शिवणाची कात्री लपवून ठेवायची.

गिड्रीच्या दुकानात काचेवर हिरवं फडकं,
आणि फडक्यावर दोन रिव्हॉल्वर, एकाच साच्यातल्या बहिणी.
एक निळी. निळी म्हणजे, कशी सांगू,
कोळंबीच्या होड्या खाडीतून परततात
तेव्हा पाण्याच्या पाठीवर डिझेल पसरतं, तशी.
दुसरी स्टेनलेस. उजळ.
इस्पितळातल्या ट्रेसारखी स्वच्छ
आणि तितकीच मुकी.

"तुझ्यासाठी ही," गिड्री पांढरी पुढे सरकवतो.
माझा हात त्याला ठाऊक आहे.
गेल्या वर्षी त्याच्या गल्ल्याच्या कडीला मी टेकलो होतो,
ती खूण तो अजून गिऱ्हाइकांना दाखवतो.
"काळी दारू, बाबा. जळून उरते ती राख हवेतलं पाणी पिते.
आणि आपल्याकडे तर हवा चमच्याने खावी लागते."

खरं आहे.
दारू कुठलीही असो, उतरल्यावर निस्तरावं लागतंच.
कढत पाणी, साबण, जुन्या बनियनची चिंधी,
सिलिंडर काढून कॉफीच्या डब्यात बुडवायचं,
घरभर सडक्या अंड्यांचा वास,
आणि बायको तोंड उघडण्याऐवजी
खिडकी उघडते, हे तिचे उपकार.
पांढरी घेतली तर एखाद्या शनिवारी
न धुता झोपताही येईल.
एकसष्टाव्या वर्षी हा काही लहान मुद्दा नाही.

एल्फेजची निळी होती. माझा थोरला.
त्याचे हात आईवर गेलेले, कोरडे.
मी नऊ वर्षांचा असताना एकदा
ती पलंगावर राहिली. रिकामी.
मी फक्त उचलली, वजन पाहिलं, ठेवली.
तीन दिवसांनी चौकटीवर
माझा अंगठा उगवला.
रेषांसकट.

एल्फेजने मारलं नाही.
तेल घेतलं, तारेची घासणी घेतली,
आणि घासता घासता थांबला.
"हा निळा रंगसुद्धा गंजच असतो," म्हणाला,
"शहाणा केलेला. तुझा वेडा आहे, एवढंच."
आणि तसाच राहू दिला.

तो गेला फुप्फुसांनी. मागाहून वादळ आलं.
घर जिथे होतं तिथल्या चिखलातून
अकराव्या दिवशी ती निघाली.
सगळीच तांबडी.
माझा अंगठा कुठला, वादळाचा कुठला,
उन्हात धरून बराच वेळ बघत बसलो.

म्हणजे पांढरीच घ्यावी.
पैसे मोजायला पाकीट काढलं.

मर्लीन सोबत आली होती. माझी लेक.
हूमाच्या दवाखान्यात रक्त काढते,
दिवसभर हात मोज्यात.
तिला या सगळ्याचा कंटाळा आहे,
ती फोन बघत होती.
मग फोन ठेवला, आणि सहज, रस्त्यातलं मांजर उचलावं तशी
तिने निळी उचलली.
"ही जड वाटते," म्हणाली. वजन तर दोन्हींचं सारखंच.

गिड्रीच्या तोंडून "अगं" निघेस्तोवर
ती खाली ठेवूनही झाली होती.
नळीवर वाफेसारखा एक ठसा,
कडांकडून आक्रसत चाललेला.
तो फडकं घेऊन धावला.
पुसलं की झालं असतं. त्याला माहीत होतं, मलाही.

"राहू दे," मी म्हणालो.
"हीच बांध.
आणि तेलाच्या दोन बाटल्या दे, मोठ्या."