राक्षसाचे पाय

त्या पुस्तकातल्या राक्षसाचे पाय माझे आहेत.

तेव्हा मी आठ वर्षांची, अनवाणी.
उदगीरला मन्मथअप्पांच्या छापखान्यात
आई खिळे जुळवायची, मी सांडलेले वेचायची.
गयास पेंटर आला, वाकला, म्हणाला,
"पाय दाखव गं पोरी. हां, असेच पाहिजेत.
फताडे, अन् करंगळी रुसून बाहेर बसलेली."

एरवी तो पाट्या रंगवायचा.
खताच्या, चपलांच्या, एकदा दातांच्या दवाखान्याची.
त्याचंच काहीतरी डोक्यात राहिलं असेल.
मजकुरात होतं : राक्षसाने विक्राळ जबडा उघडला.
चित्रातही उघडला होता,
आणि बोट आत घालून
किडलेली दाढ दाखवत होता राजकन्येला.

राजकन्या मजकुराप्रमाणे चंद्रासारखी, आणि रडत.
गयासने डोळ्यांत पाणी दिलं, नाही असं नाही,
पण ओठाचा डावा कोपरा
तिने दातांखाली घट्ट धरलाय,
कारण राक्षसाच्या मिशीत
ज्वारीचं कूस अडकलंय आणि त्याला ते माहीत नाही.

राजाला मुकुट सैल होतो,
आतून वर्तमानपत्राची घडी डोकावते.
पहारेकऱ्याने भाल्यावर बनियन वाळत घातलंय.

आणि शेळी.
गोष्टीत शेळी कुठेच नाही.
चित्रांत ती पहिल्यापासून आहे.
दरबारात गालिच्याचं टोक चघळते,
स्वयंवरात वरमाला.

अप्पा तापले. "गयासभाई, लेकरं भ्याली पाहिजेत!"
"भेव तर तुम्ही अक्षरात छापलाव की, अप्पा.
चित्रात अजून कशाला? कागद फाटंल."
अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
ब्लॉक हैदराबादहून होऊन आले होते,
पैसे गेले होते.
आता राक्षस हाच.

शेवटच्या पानावर राजपुत्र त्याला मारतो.
अडीच ओळींत. तलवार, आरोळी, लग्न.
चित्रात वरात आहे, हलगी आहे,
सगळ्यांच्या माना नवरदेवाकडे.
लांब एक टेकडी,
टेकडीच्या आडून फक्त पाय दिसतात.
माझे. आडवे पडलेले.
शेळी वरात सोडून तिकडे गेलीय
आणि तळवा चाटतेय.
उजव्या पायाचा अंगठा
टाचणीएवढा वर उचललेला.

"मेलाय ना तो?" मी विचारलं होतं.
ब्रश ओठात होता, तो काढून म्हणाला,
"अप्पांनी मारलंय त्याला. मला काय विचारलालीस?"

परवा भाच्याच्या लेकीने
माझ्या ट्रंकेतून ते पुस्तक काढलं.
पाठीचा डिंक गेलाय, पानं दोऱ्यावर लोंबतात.
मोठ्याने वाचत आली, शेवटच्या पानाला थांबली.
"आज्जी, हे खोटं लिहिलंय.
ह्याला गुदगुल्या होऊलालेत."

मग चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं,
पुन्हा चित्र.
खाटेच्या पायथ्याशी जाऊन
तिने माझ्या अंगावरची चादर वर केली.

करंगळी अजून तशीच आहे, बाहेर, रुसलेली.

तिने एक बोट तळव्यावर टेकवलं.
मी डोळे मिटले आणि मजकुराप्रमाणे
मेलेली पडून राहिले,
जमलं तेवढा वेळ.