बेचाळीस पौंडांची ओढ

ऑगस्ट संपत आला.
शाळेची पिवळी बस अंगणात झोपून आहे,
तिला अजून बारा दिवस सुट्टी.
मला नाही.
उजाडताच सौनाच्या भिंतीवरच्या खुंटीचं
धनुष्य काढते
आणि वीस पावलं मोजते.
माझी नव्हे, रेइनोची वीस.
माझा भाऊ ढांगा टाकायचा,
म्हणून दर पावलाला वीतभर जास्त धरते.

समोर गवताच्या दोन गासड्या,
त्यांच्यापुढे फोमचं हरीण.
एक कान शेजाऱ्यांच्या कुत्र्याने नेला.
पुढच्या पायामागे, काळीज असतं तिथे,
इतकी भोकं झालीत
की चांगला बाण आरपार जाऊन गवतात बुडतो
आणि दर वेळी वाटतं, चुकलाच.

जूनमध्ये दुकानात वेंडेल म्हणाला,
"सायमा, या खांद्यावर पन्नास पौंड नको आता.
बेचाळीसवर आणतो. हरणाला काय कळतंय?"
खिशातली चावी काढून त्याने
वरचे चार आटे सैल केले, खालचे चार,
आणि पैसे घेतले नाहीत.
त्याचाच राग आला मला.

ओढ म्हणजे ओढच.
कमी केली तरी कुठेतरी ताणतेच.

अंगठा जबड्याच्या हाडाला.
दोरी नाकाच्या शेंड्याला.
श्वास अर्धा सोडलेला, अर्धा राखून.
मग कप्पी फिरते, एकाएकी वजन उतरतं,
तावातावाने भांडणारं माणूस
मध्येच गप्प व्हावं तसं.
आत तिथे बरं वाटतं.
कपाळावर डास बसतो, बसू देते.
हिरवा ठिपका हरणाच्या काखेत तरंगतो,
सुपीरियर सरोवरावरून वारा येतो,
ठिपका बोटभर डावीकडे घ्यायचा
आणि

थप्प.

सहा बाण. चालत जा, उपटून आण. परत सहा.
रेइनोचा नियम होता :
सहांतला एक सोडायचा नाही.
पूर्ण ओढायचा, धरायचा,
आणि तसाच सावकाश परत आणायचा.
"सोडायला काय, दोरी आपणहून सोडते,"
म्हणायचा, "परत आणणं तुझं तुला करावं लागतं."
मला हे काम कधी आवडलं नाही.
परत येताना सगळं वजन एकदम अंगावर येतं,
खांद्यात टाके होते तिथे कोणीतरी दार ठोठावतं.
गेल्या हिवाळ्यापासून, तो नाही तेव्हापासून,
मी सहाच्या सहा सोडत होते.
कोण बघतंय?

काल संध्याकाळी सहावा बाण ओढलेला,
ठिपका स्थिर,
तर रानसफरचंदाच्या झाडांतून एक मादी आली.
मागे पाडस, अंगावरचे ठिपके विरत चाललेले.
मादी सरळ फोमच्या हरणापाशी गेली
आणि तोंडाला तोंड लावून
हुंगत राहिली.

अठरा यार्ड. फार तर एकोणीस.
बरगड्या माझ्याकडे, उघड्या.
हंगाम एक ऑक्टोबरला.
मैलभर माणूस नाही.
फ्रीझर एप्रिलपासून रिकामा,
नुसते बर्फाचे साचे आणि ब्लूबेरीची एक पिशवी.
ठिपका आपोआप तिच्या काखेत जाऊन बसला.
मी बसवला नाही, एवढं सांगते.

दम धर, म्हणतात.
धरला. नऊपर्यंत मोजलं.
दंड कापायला लागला, मग कोपर,
मग डोळ्यात पाणी आलं, घामाचं असेल.
आणि दोरी इंचाइंचाने
तिच्या जागी नेऊन ठेवली.

कप्पी कुरकुरली.
मादीने मान वर केली, पाय आपटला एकदा,
पांढरी शेपटी उभी केली,
पाडसाला घेऊन गेली.

बाण आणायला गेले. पाच.
फोमच्या नाकावर ओला डाग होता,
बोट लावलं तर अजून कोमट.
मग कंदील लावून गासड्या मागे सरकवल्या,
एकटीने, डाव्या हाताने, शिव्या देत.

उद्यापासून पंचवीस पावलं.
माझी.