बारावी फट

नमुना एक. अर्जदाराचं नाव:
पैकू लटारू दडमल, मुक्काम टेमुर्डा.
व्यवसाय? तो म्हणाला, पावडर मारतो.
मी टाइप केलं, पावडर कोटिंग.

हायवेला लागून त्याची शेड.
कूलरचे पत्रे आकड्यांना टांगलेले,
ट्रक गेला की सगळे एकदम डोलतात.
बंदुकीतून पावडर सुटते, कोरडी, विजेनं भारलेली,
आणि पत्र्याला भूल पडल्यागत चिकटते,
मात्र पत्रा तारेनं जमिनीशी जोडलेला हवा.
"अर्थिंग नसन तं रंग बसत नाही, मॅडम.
आंगावरून निंघून जाते."

शोधामागची अडचण थोडक्यात लिहा.
अडचण: आतला कोपरा.
पावडर त्याच्या तोंडाशी येते आणि मागं फिरते,
आणि मे महिन्यात पाणी नेमकं तिथंच साचतं.
दोन उन्हाळे, की कूलर बुडातून सडला.
वाळ्याच्या ताट्या बदलता येतात,
कोपरा बदलता येत नाही.

उपाय: एक चकती, बंदुकीच्या तोंडावर बसणारी.
जुन्या सीड्या वितळवून ओतलेली.
लग्नांच्या, भजनांच्या, पडलेल्या उमेदवाराच्या भाषणांच्या,
रज्जाक भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेल्या.
साचा ट्रॅक्टरच्या पिस्टनचा, दाब ट्रकच्या जॅकचा,
आणि वेळ? "बिडी अर्धी होईस्तोवर."
मी लिहिलं, अंदाजे तीन मिनिटे.
चकती त्यानं माझ्या कीबोर्डवर ठेवली.
आत अजून चंदेरी कण होते,
खिडकीकडे धरली तर
सातांतले तीनच रंग दिसले.

"यापूर्वी असा शोध कोणी लावला आहे काय?"
तो छताच्या पंख्याकडे पाहत राहिला.
"लावला असन. पन सांगतलं नसन."
माहितीत नाही, मी लिहिलं.

चौदा महिन्यांनी हरकतीचं पत्र आलं.
सोबत एक आकृती, कुण्या परदेशी माणसाची,
चाळीस वर्षांमागची: हीच चकती, ह्याच तिरप्या फटी.
मला वाटलं, आता हा उठून जाईल.
त्यानं आकृतीवर बोट ठेवलं, रंगानं निळं झालेलं,
आणि हसला, जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा.
"म्हंजे बराबर होतं माह्यं!"
मग जरा वेळानं,
"त्याच्या गावातबी कूलर सडत असन का?"

मग त्यानं फटी मोजल्या. पुन्हा मोजल्या.
"याच्या बारा हायेत. माह्या अकरा."
अकरा काहून, पैकूभाऊ?
"बाराव्याले आरीचं पातं तुटलं.
दुकान बंद होतं, तशीच लावून पायली.
मंग दुसरीले पुऱ्या बारा पाडल्या,
तं पावडर कोपऱ्यात जाईच ना."

मी खुर्ची पुढं ओढली.
फट नसलेल्या त्या जागेवरून अंगठा फिरवला.
म्हणजे वारा सगळीकडून सारखा येत नाही,
एका बाजूनं लंगडतो,
आणि लंगडत लंगडत आत शिरतो.

उत्तराला सहा महिने मुदत आहे.
बाहेर गुरुवारचा बाजार उठत चाललाय,
लाइट दोनदा जाऊन आली,
तो बाकावर बसलाय, टोपीनं वारा घेत.
स्क्रीनवर एवढंच आहे:
आम्ही दावा करतो की

आणि पुढं तुटलेलं पातं
सरकारी मराठीत कसं लिहावं,
ते मला अजून सुचलेलं नाही.