दाताखालचा आवाज

उद्यमनगर, तिसरी गल्ली. दुपारचे साडेतीन.
शेजारच्या लेथवर बीड कापणं चाललंय,
त्याची काळी पूड आमच्या उंबऱ्यापर्यंत येते
म्हणून दस्तगीरमामांनी शटर अर्धं ओढलंय.
एक कण पुरे, म्हणतात,
गाडी दुसऱ्यातच अडून बसंल.

टेबलावर कालचा पेपर, कुस्तीचं पान वर.
पानावर पेन्सिलीचे सहा गोल, आकडे घातलेले,
आणि गोलागोलात तांबडं तेल निथळत
इचलकरंजीच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे सहा सोलेनॉइड.
पितळी प्लंजर, नाजूक स्प्रिंग, काळी रिंग.
निघालं त्याच्या उलट्या क्रमानं आत जायचं.
"तालमीतनं निघताना शेवटी सुटतो लंगोट,
दुसऱ्या दिवशी आधी बांधायचा तोबी लंगोटच,"
म्हणतात,
आणि समोर मी आहे हे आठवून खोकतात.

बारा व्होल्टची बॅटरी, दोन तारा.
पहिला: टक्.
दुसरा: टक्.
मी ऐकते. मामांना ऐकू येत नाही फारसं;
वीस वर्षं फौंड्रीत होते, कान तिथंच ठेवून आले.
ते सोलेनॉइड पुसतात, दाताखाली धरतात,
डोळे मिटून भुवई उचलतात: दे.
मी तार टेकवते.

चौथ्याला मी म्हटलं, वाजला.
त्यांनी तो तोंडातनं काढला.
"वाजला. पर उशिरा."
मीटर लावून दाखवला त्यांना, चौदा ओहम,
बाकीच्या पाचांसारखेच.
"मीटरला दात कुठं हायत?"

खोलला.
प्लंजरच्या खाचेत गुंडाळून बसलेला
एक हिरवा धागा.
काल फडकं सापडेना तेव्हा
मी ओढणीच्या टोकानं पुसलं होतं.
मामा काही बोलले नाहीत.
चिमट्यानं धागा उचलून
चार आकड्याच्या गोलात ठेवला, सुटा भाग असल्यासारखा.
मी ओढणी खुंटीला लावली.

मग रिंगांना तेलाचं बोट,
बोल्ट मधून बाहेर, एकाआड एक,
मनगटानं, खांद्यानं नाही.
जाळी. पॅन. नवं तेल.

संध्याकाळी शिरोली नाक्यापर्यंत जाऊन आलो.
दुसऱ्यातनं तिसऱ्यात कधी गेली
मला कळलंच नाही.
शेजारी मामा दातावर दात ठेवून बसले होते,
त्यांनी मान हलवली.

येताना उसाचा रस पाजला.
स्वतःच्यात बर्फ नको म्हणाले,
दात ठणकतात.