सपाट रेघ

प्रॉसर गावात ऑक्टोबर. रात्रीचे दोन.
चौदा नंबरच्या टाकीचा ठिपका
लंबवर्तुळाबाहेर पडलाय, जेमतेम केसभर.
साखर उतरतेय, तापमान ठीक,
एकट्या आकड्यावर बोट ठेवता येत नाही;
सगळे एका रांगेत बसवले
की मग कुठेतरी खटकतं.

जुन्या नोंदी काढते. दोन हजार नऊ, टाकी सहा:
अकरा पूर्णांक दोन. चार दिवस. चारही वेळा तेच.
"इथे आंबणं थांबलं होतं ना?"
युसेबियो चष्मा पुसतो, पुसतच राहतो.
"वाइन चांगली उतरली होती.
थांबलो होतो मी. याकिमाच्या इस्पितळात, मुलीच्या उशाशी.
आकडे मागाहून भरले, अंदाजाने."

आणि मी तीन वर्षं ती ओळ
बिघाडाचा नमुना म्हणून
मशीनकडून घोकून घेतेय.

मुलीचं पुढे काय झालं, विचारायचं राहून जातं.
तो उठून चौदाच्या गार पोलादाला कान लावतो.
"फसफस पातळ झालीय. भुकेली आहे ही."

नायट्रोजनचं माप काढते,
आणि जाता जाता सहाच्या नोंदीपुढे,
शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात:
मोजणारा हजर नव्हता.