कलम चौदा

भाड्याचं घर नि खाली कर,
हे ऐकत मोठी झालेली मी
एकसष्टाव्या वर्षी पेन हातात घेऊन बसले आहे
पिट्सबर्गच्या एका टेकडीवर,
अठ्ठेचाळीस पानांच्या करारापुढे.

डॉनेल प्रूइट, व्यवस्थापक, पानं उलटत जातो.
खिडक्या पोलादी, मूळच्या. बदलायच्या नाहीत.
बोटभर फट आहे, तीही मूळचीच.
रेडिएटर रात्री खोकेल, म्हातारा समजून घ्या.
जमिनीत काही लावायचं नाही;
झाडांना नंबर आहेत.
बत्तीस नंबरचा ओक माझ्या वाट्याला,
बघण्यापुरता.

घर उलटं आहे.
स्वयंपाकघर रस्त्याकडे, बैठक बागेकडे.
नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं,
शहराकडे पाठ करून बसायचं,
आणि या विटांच्या ओळी अजून तशाच,
रुसलेल्या.
मला ते बरं वाटलं.
उपनगरातलं घर विकून आले होते,
मलाही कुणाकडे तोंड करायचं नव्हतं.

कलम चौदा :
अंगणातले कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब ऐतिहासिक आहेत.
त्यांना धक्का लावू नये.
कलम चौदा, पोटकलम ब :
अंगणात कपडे वाळत घालू नयेत.

मी पुन्हा वाचलं.
डॉनेल म्हणाला, दर दोन वर्षांनी रंग देतो त्यांना.
हिरवा. मूळचा हिरवा.

कपडे तळघरात वाळतात, नाणी टाकून.
तिथे भिंतीवर पहिल्या वर्षाची जाहिरात, काचेत :
निवडक कुटुंबांसाठी.
तांदूळ निवडताना खडा ज्या बोटांनी बाजूला टाकतो
ती बोटं आठवली,
आणि ड्रायर फिरत राहिला.

घडीच्या खुर्चीवर मिसेस ऑर्लीन कॅफ्री, अठ्ठ्याऐंशीच्या.
म्हणाल्या, त्या फोटोतल्या चादरी माझ्या आईनं धुतल्यात.
मी जवळ जाऊन पाहिलं.
चादरी होत्या. आई नव्हती.

दर मंगळवारी टेकडी चढायची ती,
मागून मी, ॲप्रनच्या खिशात चिमटे.
खालून कारखान्याची काजळी यायची.
दुपारपर्यंत चादर काळी, की परत धुवायची.
पैसे एकदाच.
मला इथे घर द्यायला
त्यांना एकाहत्तर साल उजाडलं.

काजळीची माझीही जुनी ओळख.
एकतीस वर्षं काउंटीच्या प्रयोगशाळेत
पांढऱ्या गोल कागदातून या शहराची हवा गाळली.
कागद आधी तोलायचा, चोवीस तासांनी परत तोलायचा.
वजाबाकी उरायची
ते शहर.
हे कुणाला सांगितलं की लोक घड्याळ बघतात.
ऑर्लीनबाईंनी विचारलं, मंगळवारी जास्त असायची का गं?

जूनमधला रविवार, पहाटे साडेपाच.
दोरी माझी, गाठ त्यांची.
अशी गाठ मी कधी पाहिली नव्हती,
दोन वेढे, मग स्वतःच्याच पोटातून.
उशीचा एकच अभ्रा.
बत्तीस नंबरखाली दोघी उभ्या,
चोर नाही, साव नाही,
हातात चहाचे मग.
सगळ्या बैठका बागेकडे, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं असणार.
कुणी काही बोललं नाही.
एका खिडकीचा पडदा जरा जास्तच स्थिर होता.

साडेआठला काढला. ऑफिस नऊला उघडतं.
मी सवयीनं तो उजेडाकडे धरला.
किती, त्या म्हणाल्या.
म्हटलं, काटा नाही माझ्याकडे.
त्यांनी अभ्रा ओढून घेतला, नाकाशी नेला,
बराच वेळ तिथेच ठेवला.

गाठ मात्र सुटेना.
नखं लावली, चमच्याचं टोक घातलं,
शेवटी दोरी कापली. खांबाला वेढा तसाच राहिला.
पुढच्या वर्षी रंगारी येतील,
नीट बघणार नाहीत.
हिरवी होईल तीही.
मूळची हिरवी.