विलगीकरण

वास्कोला, बंदराकडे पाठ करून उभ्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे,
जिथे माणसांपेक्षा यंत्रांना गारवा जास्त लागतो.
किल्ली माझ्याकडे असते.
जिन्याच्या खिडकीतून मुरगावची क्रेन अर्धीच दिसते,
उरलेली अर्धी खनिजाच्या धुळीत.

साडेतीनशे मेलबॉक्स सांभाळते मी:
टगवरच्या कप्तानांचे, कारकुनांचे,
आणि निवृत्त होऊनही पासवर्ड न सोडणाऱ्या
एका संचालकांचा.
(पासवर्ड म्हणजे त्यांच्या मांजरीचं नाव.
मी तीनदा बदलायला लावला. मांजर बदलली.)

रात्रभर कुणीतरी दार ढकलून पाहत असतं.
लॉग सांगतो: अकरा हजार चारशे धक्के.
कधी 'अ‍ॅडमिन' म्हणून, कधी 'टेस्ट',
एकदा तर नुसतं 'साहेब'.
पाच चुका झाल्या की मी तो पत्ताच बंद करते,
ते सहावीकडून येतात, दुसऱ्या देशाच्या नावाने.
सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो तोवर
ते दमलेले नसतात. मी असते.

मार्चात लोटलीकर फसले.
डिझेलवाल्याचं बिल, तोच शिक्का,
तीच 'कळावे' म्हणायची पद्धत,
फक्त पत्त्यातल्या एमच्या जागी
आर आणि एन खेटून बसलेले,
चष्मा नसेल तर एमच वाटावा असे.
एकोणीस लाख गेले.
लोटलीकर आठवडाभर डबा
न उघडता घरी परत नेत होते.

मग मी चाळणी बारीक केली.
सगळी अक्षरं कॅपिटल, दोन गुण.
'अर्जंट' या शब्दाला दीड.
पैसे मागितले, दोन.
भाषा ओळखू आली नाही, एक.
पत्ता नवा, अर्धा.
पाचच्या वर गेलं की विलगीकरण:
ना आत, ना परत. चौदा दिवसांनी आपोआप राख.
तापाची जहाजं पूर्वी अशीच
पिवळं निशाण लावून बाहेर ताटकळत, म्हणे.
साहेबांनी कौतुक केलं. बेबिंका मागवली.

अकराव्या दिवशी मला तो मेल दिसला,
भलतंच काही शोधताना.
मिंगेल बार्रेट, दुसऱ्या टगवरचा कुक,
मेव्हण्याच्या मोबाइलवरून, सगळं कॅपिटलमध्ये,
रोमी कोंकणीत:
आवय गोमेकॉत. ऑपरेशन.
अ‍ॅडव्हान्स जाय. अर्जंट.
यंत्राचा शेरा: भाषा अज्ञात,
पोर्तुगीज असण्याची शक्यता चाळीस टक्के.
गुण सात.
बेरीज बरोबर होती. मी पुन्हा केली.

'सोडा' हे बटण दाबलं.
मेल जुन्या तारखेसकट गेला
आणि अकरा दिवसांच्या मेलखाली जाऊन बुडाला.
म्हणून मीच जिना उतरले.
लोटलीकरांनी चष्मा लावला,
पत्त्यातलं एकेक अक्षर बोटाने तपासलं, मग विचारलं:
"हा मिंगेलच ना? की मिंगेलसारखा कुणी?"

मला सांगता येईना.

शेवटी फोन लावला, साधा, आवाजाचा.
ऑपरेशन झालं होतं. बायकोच्या बांगड्या
सोसायटीत ठेवल्या होत्या. आवय आता पेज घेते.
मी चाळणी, गुण, असं काहीतरी सांगू लागले.
तो मध्येच म्हणाला,
"म्हाका दिसलें, तुमी वाचून ओगी रावल्यात."

वाचलंच नव्हतं,
हे त्याहून चांगलं कसं, ते काही
मला त्याला समजावता आलं नाही.

चाळणी मी सैल केलेली नाही.
ते अजून रात्रभर येतात, नवी नावं घेऊन.
पण चहाआधी विलगीकरण उघडते मी, हाताने:
लॉटऱ्या, गोळ्या, मरणपंथाला लागलेले श्रीमंत काका,
आमच्याच साहेबांच्या नावाने गिफ्ट कार्डं मागणारा कुणी.

काल दोनशे बारा होते. सगळे खोटे.
तरी शेवटचा
मी दोनदा वाचला.